मुठीतली नळी

"आता बगताव काय, साहेब?"

प्रयोगशाळेच्या दारात उभा असलेला तरुण माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. उजवी मूठ त्याने छातीशी घट्ट धरली होती, आत पाखरू असावं तशी. मनगटावर हळकुंड बांधलेलं कंकण अजून सुटलेलं नव्हतं. नवरदेव आहे हे कुणी सांगायला नको होतं.

"काय आहे?"

"माज्या बायकोच्या पाटीचा पानी. सिस्टरनं दिलान. लगेच न्हे म्हनाली."

त्याने मूठ उघडली. आत कापसाचा बोळा लावलेली काचेची छोटी नळी होती आणि तिच्यात बोटभर गढूळसर पाणी. पाठीच्या कण्यात सुई घालून काढतात ते. मी नळी घेतली. त्याच्या घामाने ती ओली झाली होती आणि चांगली गरम होती.

एकोणनव्वद सालचा मे महिना, शुक्रवार, दुपारचे साडेबारा. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात त्या दिवशी गवाणकरबाईंचा निरोपसमारंभ होता. एकतीस वर्षं त्या प्रयोगशाळेत काढून बाई निवृत्त होत होत्या आणि त्यांच्या जागी मी, वय वर्षं पंचवीस, एकट्याने सगळा गाडा ओढणार होतो. माझ्या खिशात चार पानी भाषण होतं. शेजारच्या खोलीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि वॉर्डातल्या सिस्टर दुसऱ्यांदा हाक मारून गेल्या होत्या, "नार्वेकर, चला, बाई खुर्चीत बसल्या. बटाटेवडे गार होतायत."

"ठेवून जा," मी त्याला म्हटलं. "कार्यक्रम आटपला की बघतो. तासाभरात."

"तासभर?"

"अरे, काही होत नाही. मी नीट ठेवतो."

तो मान हलवून वळला. मी फ्रिज उघडून नळी आत ठेवली. मे महिन्यात नमुना बाहेर राहिला की नासतो, म्हणून लगेच बघायचा नसेल तर फ्रिजमध्ये, ही आमच्याकडची शिस्त होती. मी दार लावलं, केसांवरून कंगवा फिरवला आणि भाषणाला गेलो.

भाषण मात्र झकास झालं. मी बाईंची नक्कल केली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शौचाचा एक नमुना बघून मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काही नाही बाई, नुसत्या पांढऱ्या पेशी आहेत." बाईंनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं होतं. "बाटली किती वेळ पडली होती टेबलावर?" सकाळपासून. "मग तुला काय कपाळ दिसणार?" त्यांनी काचपट्टी टेबलावरच्या दिव्याच्या पत्र्याशी धरली, मागची बाजू गालाला लावून ऊब बघितली आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली घातली. "आता बघ. घाई करू नकोस."

थोड्या वेळाने एक गोल पेशी अंग ढिलं करू लागली. तिच्या कडेतून एक फुगवटा हळूच पुढे आला, थांबला, आणि मग आतलं सगळं दाणेदार द्रव्य त्या फुगवट्यात ओतलं गेलं. पेशी पुढे सरकली होती. फुगवटा कुठे गेला ते कळलंच नाही.

"हा अमीबा," बाई म्हणाल्या होत्या. "याला हात नाही, पाय नाही, तोंड नाही. जायचं असेल तर अंगाचाच पाय काढतो आणि सगळाच्या सगळा त्या पायात शिरतो. भूक लागली की दोन पाय पुढे काढून घास कवेत घेतो, पोट तिथल्या तिथे तयार. काम झालं की पाय मोडला. बिऱ्हाड करावं तर याने. पण थंडी लागली की सगळे पाय आत घेऊन गोळा होऊन बसतो. मग हा आणि पांढरी पेशी म्हणजे जुळी भावंडं. बसलेल्याचं नाव घ्यायचं नाही, नार्वेकर. चालेल तेव्हाच ओळखायचं. आणि चालायला हवा असेल तर त्याला गार होऊ द्यायचं नाही."

हे सगळं मी बाईंच्या आवाजात, चष्मा कपाळावर चढवून केलं. खोली हसून हसून लोटपोट झाली. बाईंनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. भिंतीपलीकडे फ्रिजची घरघर चालू होती. मला ती भाषणभर ऐकू येत होती, तरी मी बोलतोय त्याचा आतल्या नळीशी काही संबंध असेल अशी शंकाही मनात आली नाही. अमीबा पोटात असतो, शौचाच्या बाटलीत असतो. पाठीच्या पाण्यात त्याला कोण शोधणार?

वडे, चहा, फोटो, मग पुन्हा एक फोटो. मी परत आलो तेव्हा तीन वाजले होते.

नळी बर्फासारखी गार होती. मी थेंब घेतला, पेशी मोजल्या. खूप होत्या, गोल गरगरीत, सगळ्या जागच्या जागी. रंग लावून जंतू शोधले, सापडले नाहीत. चिठ्ठीवर लिहिलं, पांढऱ्या पेशी भरपूर, जंतू दिसत नाहीत. उरलेली नळी टेबलावरच्या लाकडी स्टँडला लावून ठेवली. डॉक्टर बेंद्रे चिठ्ठी वाचून म्हणाले, "पू झालेला मेंदूज्वर," आणि त्यांनी त्याची इंजेक्शनं सुरू केली. ते तरी दुसरं काय करणार होते?

शनिवारी सकाळी नऊ वाजता बाई प्रयोगशाळेत हजर. कपाटाची किल्ली कमरेलाच राहिली म्हणून परत द्यायला आल्या होत्या. मला वाटतं, पाय सवयीने वळले आणि किल्लीचं निमित्त त्यांना वाटेत सुचलं. चहाचा कप धुऊन त्या पिशवीत टाकत होत्या, तेवढ्यात कालचाच तरुण धापा टाकत दारात आला. मूठ तशीच छातीशी.

"डॉक्टरनं परत पानी काडलान. ती वळखत नाय, साहेब. मना वळखत नाय."

मी हात पुढे करण्याआधी बाईंनी नळी घेतली. घेतली म्हणजे त्याच्या मुठीतून आपल्या मुठीत. एकतीस वर्षांची सवय होती, त्यात विचार असा काही नव्हता. मूठ न उघडताच त्यांनी मला स्टुलावरून उठवलं, थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला.

काचपट्टी इकडून तिकडे सरकवत राहिल्या. मग सरकून बसल्या.

"बघ."

मी वाकलो. कालच्यासारख्याच गोल पेशी होत्या. आणि त्यांच्यामधून काही पेशी चालत होत्या. पांढरी पेशीही कधीकधी हलते, पण ती आळशी असते. ह्यांना घाई होती. एक फुगवटा पुढे, सगळं अंग त्यात, लगेच दुसरा. माझ्या डोळ्यांदेखत एकीने एका तांबड्या पेशीपाशी जाऊन तिला दोन्ही बाजूंनी वेढलं. दोन पाय पलीकडे जाऊन मिळाले. तांबडी पेशी आत गेली आणि गिळणारी पुढच्या वाटेला लागली. इतकं शांतपणे की बघणाऱ्याला क्षणभर ते सुंदर वाटावं. मला वाटलंही. मग लक्षात आलं, हे कुणाच्या तरी डोक्यात चाललंय.

बाई दारापाशी गेल्या. "नाव काय तुझं?"

"रघुनाथ. रघुनाथ मांडवकर. ऊनशेतचा."

"बायकोचं?"

"सुगंधा."

"ती एवढ्यात कुठे पोहली होती? नाकातोंडात पाणी गेलं होतं?"

त्याला प्रश्न कळला नाही, पण उत्तर त्याच्याकडे होतं. "आमच्याकडं गरम पान्याचा कुंड हाय. लगीन झाला का नवराबायकोनी त्यात अंगठी काडायची. वरनं टाकतात, दोगांनी बुडी मारायची. ज्याला गावंल त्याचा घरात चालता." तो थोडासा हसला. "तीनदा टाकली, तिनी येळा तिलाच गावली. माज्या नाकात पानी गेला का मी वर येतो. ती येत नव्हती. पानी आटलेला, नुस्ता गाळ. तरी शोदत होती."

"कधी?"

"आट दिवस झाले."

डॉक्टर बेंद्रे धावत आले. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. कोमट, साचलेल्या पाण्यात राहणारी ही जात नाकावाटे मेंदूपर्यंत चढते, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, बघितलं कधीच नव्हतं. औषध होतं, पण ते मुंबईला. त्यांनी फोन फिरवले, जीप पाठवली. जाताना सहज मागे वळून विचारलं, "कालच्या नमुन्यात नव्हतं?"

"काल दिसलं नाही," मी म्हणालो. हे खरंच होतं.

डॉक्टर गेले. स्टँडला लावलेल्या कालच्या नळीकडे माझी नजर गेली. रात्रभर ती मे महिन्याच्या उकाड्यात उभी होती. तळाशी दोन थेंब असतील.

मी नळी उचलली तेव्हा बाई म्हणाल्या, "कशाला?"

"बघतो."

"नको बघूस. आता त्याने काय होणार आहे?"

बाईंनी आयुष्यात मला बघू नको असं एकदाच म्हटलं. मी ऐकलं नाही. थेंब घेतला, काचपट्टी दिव्याच्या पत्र्याशी धरली, गालाला लावून ऊब बघितली. तेच सगळं, ज्याची काल मी नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या. मग बसून राहिलो. पाच मिनिटं गेली, सात गेली. सगळ्या पेशी गोल, निश्चल. माझा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एकीने कडेतून पाय काढला.

एकच. अर्धवट, दमलेला. पण पायच होता.

मी तोंड वर केलं आणि बाईंना सगळं कळलं. त्यांनी माझ्या हातातून नळी आणि काचपट्टी काढून घेतली आणि फिनेलच्या भांड्यात टाकली. "झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "फ्रिजात ठेवली होतीस?"

मी मान हलवली.

"माझ्या निरोपाच्या वड्यांसाठी," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. पदराने तोंड झाकून त्या रडल्या. मला रडूही येईना. मी हात धुवायला बाहेर आलो.

व्हरांड्यात भिंतीला टेकून रघुनाथ बसला होता. मला बघून उठला.

"साहेब, रोग सापडला म्हंजे आता औशद मिळंल ना?"

"जीप गेली आहे."

"मग काल का नाय सापडला? काल बी तेवडाच पानी आनलेला मी."

तो भांडत नव्हता. खरंच विचारत होता, शाळेतल्या पोराने विचारावं तसं. मी म्हणू शकलो असतो, माझी चूक झाली, मी ती फ्रिजमध्ये ठेवली. तीन-चार शब्दांचं काम होतं. माझ्या तोंडातून निघालं ते असं, "काल नमुना गार पडला होता. गार पडला की ते दिसत नाहीत."

रघुनाथ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"काल मी थांबलेलो," तो म्हणाला. "वार्डातनं हितं येताना, त्या पान्याच्या टाकीपाशी. रातभर जागा, डोळ्यांवर झोप येत हुती. नळ सोडून तोंड धुतला, दोन घोट पानी प्यालो. ओल्या हातानंच धरली मंग नळी. तेवड्यात गार झाली आसंल?"

अंगणाच्या मधोमध ती टाकी होती. वॉर्डापासून प्रयोगशाळेपर्यंत शंभर पावलं, त्यात अर्धं मिनिट. तो मला विचारत होता. मी जाणता माणूस होतो, पांढरा कोट घातलेला.

"असेल," मी म्हणालो.

सुगंधा रविवारी दुपारी दोनच्या सुमारास गेली. औषध घेऊन जीप पोचली तेव्हा तिला वॉर्डातून बाहेर आणलं होतं. तिच्या हातातला हिरवा चुडा तसाच होता. ऊनशेतची माणसं टेम्पोत बसली तेव्हा रघुनाथ आपल्या उजव्या हाताच्या पंजाकडे बघत पायरीवर बसला होता आणि त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं.

डॉक्टर बेंद्र्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नार्वेकर, मनाला लावून घेऊ नका. या रोगातून शंभरात एकही उठत नाही. शुक्रवारीच कळलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं." बाईंनी त्यांना फ्रिजचं सांगितलं होतं, की त्यांनीच ओळखलं होतं, मी कधी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर असेल. तेहतीस वर्षं मी ते स्वतःला सांगत आलो आणि ते खरंही आहे. पण एका दिवसाने ती वाचली असती का, हे दुखणं मला नव्हतंच. मी व्हरांड्यात जो एक शब्द बोललो होतो, त्याला कुठल्या पुस्तकात उतारा नव्हता.

दोन वर्षांनी रघुनाथ पुन्हा दारात आला. हात तसाच छातीशी घट्ट. गावात कुणाला तरी हगवण लागली होती. ऊनशेतहून एसटीने सव्वा तास लागतो. बाटली त्याने कापसात गुंडाळून, फडक्यात बांधून काखेत धरली होती. काख उघडून त्याने ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "गार नाय ना पडली, साहेब?"

"नाही. गरम आहे."

"मी कुटंच थांबलो नाय."

नंतर ते होऊनच बसलं. ऊनशेत आणि आसपासच्या चार वाड्यांमध्ये कुणाचा नमुना तालुक्याला न्यायचा असला की लोक रघुनाथला सांगत. त्याने पुन्हा लग्न केलं, दोन मुलं झाली, आंब्याची कलमं लावली, गावात मागे लागून कुंडातला अंगठीचा खेळ बंद करवला आणि परातीत हळदीचं पाणी घालून त्यात आणला. पण कुणी बाटली हातात दिली की तो आंब्याची पेटी अर्धी भरलेली टाकून निघे. खिडकीतून मी त्याला बघायचो. फाटकातून आत येई तो झपाझप, उन्हाने तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले, टाकीवरून जाताना तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. जाताना पाणी प्यावं, तेही नाही. मी कितीदा म्हटलं, "रघुनाथ, पाणी घे." तो म्हणे, "स्टँडावर पितो." आणि दर वेळी तोच प्रश्न, "गार नाय ना पडली?" दर वेळी मी म्हणे, नाही. दर वेळी ठरवत असे की आज सांगायचं. मग कुणीतरी पेशंट येई, फोन येई, आणि नाही कुणी आलं तर मीच काचपट्ट्या धुवायला घेई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. बाईंच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या मुलाला सांगितलंस का रे कधी?" मी म्हटलं, हो. त्यांना बरं वाटलं. म्हणजे खोटं दोनदा बोललो.

माझा निरोपसमारंभ दोन हजार बावीसच्या मे अखेरीस झाला. त्याच खोलीत, फक्त खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या. रघुनाथ आमंत्रण नसताना आला. केस पिकले होते, हातात पिशवी होती. पिशवीत आंबे होते, बाटली नव्हती. भाषणं चालू असताना तो मागे उभा राहिला, बसला नाही. माझ्या जागी येणारी मुलगी माझी नक्कल करत होती. "गार पडलेला नमुना मला दाखवूसुद्धा नका." लोक हसले. रघुनाथही हसला.

सगळे वड्यांवर गेले तेव्हा मी त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेलो. तो फ्रिज कधीच भंगारात गेला होता, पण त्या जागी नवा होता. मी त्याच्यावर हात ठेवला.

"रघुनाथ, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी, पहिल्या दिवशी, तू नळी आणलीस ती गरम होती. चांगली गरम होती. मी ती फ्रिजमध्ये ठेवली. अडीच तास. गार झाली ती तिथे. तुझ्या हातात नाही."

त्याने फ्रिजकडे बघितलं.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू टाकीचं बोललास आणि मी..."

"माज्या हातात गरम होती?"

"हो."

"पान्यानं नाय?"

"नाही. अर्ध्या मिनिटात काही होत नाही. तुझ्या घामाने ओली होती आणि गरम होती. मला अजून हाताला आठवतंय."

त्याने उजवा हात वर घेतला, मूठ मिटली, उघडली आणि बघितली. आता त्यावर कलमांच्या कामाचे घट्टे होते. मला वाटलं तो शिवी देईल, निदान तोंड फिरवील. मी तयार होतो. खरं म्हणजे मला तेच हवं होतं.

"तेहतीस वर्सं, साहेब," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "निजताना ह्यो हात मी उशाखाली घालतो. बायको इचारते, का? काय सांगनार तिला."

मी हात जोडले. त्याने ते धरले नाहीत आणि झिडकारलेही नाहीत. आंब्याची पिशवी टेबलावर ठेवली, नीट, पडणार नाही अशी. मग पायऱ्या उतरून गेला.

मी खिडकीपाशी आलो. दुपारचं ऊन रणरणत होतं. रघुनाथ अंगणातून फाटकाकडे चालला होता, नेहमीसारखा झपाझप नाही, म्हाताऱ्या माणसासारखा. टाकीपाशी पोचला आणि थांबला. थोडा वेळ नुसताच उभा होता. मग त्याने नळ सोडला, ओंजळ धरली आणि वाकून पाणी प्यायला. प्यायला, पुन्हा धरली, पुन्हा प्यायला. मग तोंडावर पाणी मारू लागला, आणि कितीतरी वेळ मारतच राहिला.